‘नको’ म्हणण्याची मुभा

तांबरमहून रोज संध्याकाळी रामेश्वरमला जाणारी एक गाडी सुटते. ६ एप्रिल २०२५ रोजी पंतप्रधानांनी नव्या पांबन पुलाचे उद्घाटन केले, त्याच कार्यक्रमात या गाडीलाही हिरवा झेंडा दाखवण्यात आला. जुन्या चेन्नईकरांना या मार्गावरची आणखी एक गाडी आठवते. १९१४ मध्ये पांबनचा पहिला पूल झाला आणि एग्मोरहून निघणारी ‘बोट मेल’ तांबरमवरून थेट धनुष्कोडीपर्यंत धावू लागली. तेथे प्रवासी आगबोटीत बसत, तलैमन्नारला उतरून पुन्हा आगगाडी पकडत आणि कोलंबो गाठत. मद्रास ते कोलंबो हा सारा प्रवास एका तिकिटावर होई. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गावच वाहून गेले. पुढे रामेश्वरमहून सुटणारी बोटही श्रीलंकेतील यादवीमुळे १९८० च्या दशकात बंद पडली. आता पूल नवा आहे, गाडी नवी आहे. मधला तीसेक किलोमीटरचा समुद्र मात्र ओलांडता येत नाही.

निवृत्तीनंतर मी तांबरमला राहायला आलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचे एक छोटे दुकान आहे. ते चालवणारा तरुण १९९४ मध्ये याच राज्यात जन्मला, येथेच शिकला, त्याची पत्नी येथलीच. तरीही तो भारताचा नागरिक नाही. त्याचे वडील १९९० मध्ये जाफन्याच्या उत्तर किनाऱ्यावरील मयिलिट्टी या कोळ्यांच्या गावातून होडीने आले. मंडपमच्या छावणीत काही काळ काढून ते छावणीबाहेर राहू लागले आणि पोलीस ठाण्यातील नोंदीच्या आधारे पस्तीस वर्षे येथे आहेत. म्हाताऱ्याला परत जायचे आहे. मुलाला नाही. रोज रात्री दुकान बंद करताना दोघांचा या विषयावर वाद होतो, आणि कागदपत्रांतले मला कळते अशी समजूत असल्याने पंच म्हणून मला बोलावले जाते.

निर्वासितांनी स्वेच्छेने मायदेशी परतावे, ही कोणत्याही सरकारला सर्वांत सोयीची वाटणारी कल्पना आहे. यजमान देशाचा भार हलका होतो, मायदेशाची प्रतिष्ठा वाढते आणि आंतरराष्ट्रीय संस्थांना यशाचा आकडा मिळतो. मी प्रशासनात होतो, त्यामुळे या आकड्याचे आकर्षण मला ठाऊक आहे. पण ‘स्वेच्छा’ हा शब्द कागदावर उमटतो कसा, हेही मी जवळून पाहिले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुलै १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर लोक भारतात येऊ लागले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदीनुसार तेव्हापासून ऑगस्ट २०१२ पर्यंत ३,०४,२६९ श्रीलंकन निर्वासित भारतात आले. आज तमिळनाडूतील शंभरावर छावण्यांत सुमारे ५८ हजार लोक राहतात. छावणीबाहेर, पोलिसांकडे नोंद करून राहणारे आणखी सुमारे ३४ हजार आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ही माणसे परकीय नागरिक. त्यांना मिळणारे धान्य, घर, मासिक अनुदान हे सारे सरकारच्या औदार्यावर चालते. हे औदार्य मोठे आहे, हे आधीच मान्य करतो. तमिळनाडूने चार दशके या लोकांना शाळा, दवाखाने आणि शिधापत्रिका दिल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यांच्यासाठी ३१७ कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ७,४६९ घरे नव्याने बांधायचे ठरवले आणि छावण्यांचे नाव बदलून ‘श्रीलंकन तमिळ पुनर्वसन छावण्या’ असे केले. मात्र औदार्य देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि मर्जी फिरली की काय होते, याचा अनुभव या लोकांना एकदा आलेला आहे.

२१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. तांबरमहून ते ठिकाण तासाभराच्या अंतरावर आहे. हत्या ‘एलटीटीई’ने केली होती, तिची किंमत तिच्यापासून जीव वाचवून पळालेल्यांनाही मोजावी लागली. लोकांची सहानुभूती एका रात्रीत आटली. जानेवारी १९९२ मध्ये निर्वासितांना श्रीलंकेला परत पाठवण्यास सुरुवात झाली. त्या वेळी श्रीलंकेच्या उत्तर भागात युद्ध चालूच होते.

सेवेत येऊन मला तेव्हा काहीच वर्षे झाली होती. एका छावणीत परत जाऊ इच्छिणाऱ्यांची यादी करण्याच्या कामावर मला नेमले गेले. छावणी कोणती, याला येथे महत्त्व नाही. एका झाडाखाली टेबल मांडले होते. कुटुंबप्रमुखाने पुढे यायचे, नाव सांगायचे, सही किंवा अंगठा करायचा. कोणी कोणावर हात उगारला नाही, कोणाला धमकावले नाही. दुपारच्या सुमारास एक बाई पुढे आली. कडेवर मूल होते. अंगठा उठवण्याआधी तिने मला विचारले, “अय्या, नको म्हटलं तर आमचं रेशन बंद होईल का?”

मला उत्तर ठाऊक नव्हते. ‘नाही, बंद होणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. ‘होईल’ असे म्हणण्याचा आदेशही नव्हता. “अम्मा, ते वरचे लोक ठरवतील,” एवढेच मी म्हणालो. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि अंगठा पुढे केला. संध्याकाळी मी अहवाल लिहिला, त्यात तिची गणना स्वेच्छेने परतणाऱ्यांत केली. अहवालात खोटे असे एकही वाक्य नव्हते. तरी तो खरा नव्हता, हे मला त्याच रात्री कळले होते. मी काही केले नाही.

त्याच वर्षी पी. नेडुमारन आणि डॉ. एस. रामदास यांनी मद्रास उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि परत पाठवण्याची सक्ती होत असल्याची तक्रार केली. परतण्याची इच्छा खरी आहे की नाही, हे पाहण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेकडे, म्हणजे ‘यूएनएचसीआर’कडे आले आणि १९९२ मध्ये तिचे कार्यालय मद्रासमध्ये सुरू झाले. ही मोठीच सुधारणा होती. परंतु या कार्यालयातील अधिकाऱ्यांना छावण्यांत जाण्याची मुभा नव्हती. ज्यांची बांधाबांध झाली आहे आणि जे निघण्याच्या ठिकाणी येऊन बसले आहेत, त्यांनाच ते विचारू शकत. स्टेशनवर गाडीत बसलेल्या माणसाला ‘तुम्हाला खरेच जायचे आहे ना?’ असे विचारण्यासारखेच ते होते. तरीही काहींनी ‘नाही’ म्हटले आणि ते मागे राहिले, याचे श्रेय त्या कार्यालयाला दिले पाहिजे.

मार्च १९९५ पर्यंत ९९,४६९ निर्वासित परत पाठवले गेले, असे गृह मंत्रालयाची नोंद सांगते. त्यानंतर सरकारने संघटितपणे कोणालाही पाठवलेले नाही. एप्रिल १९९५ मध्ये शस्त्रसंधी मोडली, युद्ध पुन्हा पेटले आणि १९९६ च्या मध्यापासून होड्या पुन्हा रामेश्वरमच्या दिशेने येऊ लागल्या. त्यांत पूर्वी येथून पाठवलेलेही काही होते. ज्या आकड्याला आम्ही यश म्हटले, त्याचा एक भाग असा समुद्रमार्गे परत आला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याची दोन उदाहरणांशी तुलना करावीशी वाटते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी लोक भारतात आले आणि बांगलादेश स्वतंत्र होताच काही महिन्यांत त्यांपैकी बहुसंख्य परत गेले. त्यांची समजूत घालायला झाडाखाली टेबल मांडावे लागले नाही. ज्या कारणाने ते पळाले होते, ते कारणच नाहीसे झाले होते. दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचे असेल. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. युद्ध संपले, पोलंड नकाशावर पुन्हा उभा राहिला, तरी या लोकांपैकी थोडेच तिकडे गेले. त्यांची गावे आता सोविएत संघात गेली होती आणि वॉर्सात साम्यवादी राजवट आली होती. फेब्रुवारी १९४६ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला होता की, परत जाण्यास ज्याची सयुक्तिक हरकत आहे अशा निर्वासिताला परतण्याची सक्ती करू नये. वळिवड्याची वसाहत १९४८ मध्ये रिकामी झाली तेव्हा तेथील बहुतेक लोक ब्रिटन आणि इतर देशांत स्थायिक व्हायला गेले. ‘नको’ म्हटल्यावर जायला त्यांच्यापुढे दुसरा देश होता. श्रीलंकन तमिळांपुढे तो नाही.

मे २००९ मध्ये श्रीलंकेतील युद्ध संपले. आता परतायला हरकत कोणती, असा प्रश्न दिल्लीत आणि चेन्नईतही विचारला जातो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका श्रीलंकन तमिळाच्या याचिकेवर सुनावणी करताना भारत ही काही धर्मशाळा नाही, अशा आशयाची टिप्पणी केली. प्रश्न गैरवाजवी नाही. युद्धानंतर काही हजार लोक ‘यूएनएचसीआर’च्या मदतीने परतलेही. त्या संस्थेकडून विमानाचे तिकीट आणि सुरुवातीची थोडी रक्कम मिळत असे. ऑक्टोबर २०११ मध्ये तुतिकोरिन–कोलंबो फेरीबोटीने निर्वासितांची एक छोटी तुकडीही गेली. पण महिन्याभरात ती बोटसेवा बंद पडली. सामानाचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तीस वर्षांचा संसार विमानाच्या वजनमर्यादेत बसवायला सांगून पाहा. शिवणयंत्र, भांडी, मुलीची सायकल, सुताराची हत्यारे, म्हणजे तिकडे गेल्यावर पोट भरण्याची सारी साधने, येथेच विकावी लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिनम–कांकेसंतुरै फेरीसेवा सुरू झाली. ती मध्ये बंद पडली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे छावण्यांतील कित्येक कुटुंबे आशेने पाहत होती.

तिकडे गेल्यावर पहिला प्रश्न जमिनीचा. माझ्या शेजाऱ्याच्या वडिलांचे उदाहरण घ्या. मयिलिट्टी आणि आसपासचा प्रदेश १९९० मध्ये रिकामा करण्यात आला आणि पुढे तो लष्कराच्या उच्च सुरक्षा क्षेत्रात गेला. २०१७ मध्ये मयिलिट्टीचे बंदर लोकांना परत मिळाले, टप्प्याटप्प्याने काही जमीनही मोकळी झाली, पण त्या पट्ट्यातील बरीच जमीन अजून कुंपणाच्या आत आहे. म्हाताऱ्याकडे जमिनीचे जुने खत आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने ते समुद्रातून आणले होते. आपला तुकडा कुंपणाच्या आत की बाहेर, हे त्याला नातेवाइकांनी फोनवर तीन वेळा तीन तऱ्हेने सांगितले आहे. मुल्लैतीवू जिल्ह्यातील केप्पापुलवू येथील लोकांनी तर स्वतःच्या जमिनीसाठी लष्करी तळाच्या फाटकासमोर दीर्घकाळ धरणे धरले होते.

दुसरा प्रश्न कागदांचा. भारतात जन्मलेल्या मुलाला श्रीलंकेचे नागरिकत्व आपोआप मिळत नाही. चेन्नईतील श्रीलंकेच्या उप-उच्चायुक्त कार्यालयात त्याच्या जन्माची नोंद करावी लागते. त्यासाठी आईवडिलांचे मूळ दाखले लागतात, जे होडीत भिजले किंवा घराबरोबर जळाले. नोंद नसेल तर तेथे ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्राशिवाय बँक खाते, नोकरी, घरकुलाची यादी असे काहीच पुढे सरकत नाही. ‘ऑफर’ ही निर्वासितांनीच १९८४ मध्ये उभी केलेली संस्था अनेक वर्षे मुलांच्या जन्मनोंदी करून घेण्यासाठी खपते आहे. परतणे म्हणजे काय, हे या लोकांना आपल्या कोणत्याही मंत्रालयापेक्षा अधिक कळते, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट मे २०२५ च्या अखेरीस घडली. ‘यूएनएचसीआर’च्या मदतीने रीतसर परतलेल्या एका वृद्ध निर्वासिताला जाफन्याच्या पलाली विमानतळावर उतरताच अटक झाली. गुन्हा हा, की अनेक वर्षांपूर्वी त्याने वैध कागदपत्रांशिवाय देश सोडला होता. युद्धातून होडीने पळणारा माणूस पारपत्रावर शिक्का घेण्यासाठी थांबत नसतो. कायदा जुना आहे, तो यंत्रवत लागू झाला आणि तो बदलायला हवा, असे श्रीलंकेतील मंत्र्यानेही मान्य केले. पण त्या एका अटकेची बातमी दोन दिवसांत तमिळनाडूतील प्रत्येक छावणीत पोहोचली. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याने भरून ठेवलेली पिशवी त्याच आठवड्यात माळ्यावर गेली.

एवढे सांगूनही विषयाचा सर्वांत अवघड भाग उरतो. छावण्यांतील सगळेच लोक जाफन्याचे नाहीत. त्यांतले बरेच, नेहमीच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीस हजार, चहामळ्यांतील तमिळांचे वंशज आहेत. इंग्रजांनी त्यांच्या पूर्वजांना एकोणिसाव्या शतकापासून याच तमिळ प्रदेशातून मळ्यांत राबायला नेले. सिलोन स्वतंत्र होताच १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना देशहीन केले. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लाल बहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला आणि सुमारे ९,७५,००० माणसांची वाटणी ठरली: ५,२५,००० भारताने घ्यायची, ३,००,००० सिलोनने, उरलेल्या १,५०,००० जणांचा विचार नंतर. १९७४ मध्ये त्यांचीही निम्मी निम्मी विभागणी झाली. माणसांची अशी वाटणी करताना त्यांना कोणी विचारले नाही, हे जाता जाता नोंदवतो. करारानुसार भारताने स्वीकारायचे होते, अशांपैकी अनेकांचे कागद पूर्ण होण्याआधी बोट बंद पडली. १९८३ मध्ये मळ्यांतही हिंसाचार झाला आणि त्यांतले कित्येक निर्वासित म्हणून आले. म्हणजे दोन देशांच्या पंतप्रधानांनी ज्यांना भारतीय मानले होते, त्यांच्याच मुलानातवंडांना आपण आज ‘मायदेशी परता’ असे सांगतो आहोत.

जून २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे अशा ६५ जणांची याचिका आली, तेव्हा न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी त्यांच्या नागरिकत्वाच्या अर्जांचा विचार करण्याचे निर्देश केंद्राला दिले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयामुळे त्रिचीच्या कोट्टपट्टू छावणीतील एका महिलेला भारतीय पारपत्र मिळाले. ती १९८६ मध्ये मंडपमला जन्मली होती, आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिने मतदान केले. माझा झेरॉक्सवाला शेजारी सात वर्षे उशिरा जन्मला. त्याची मुलगी तर आणखी अडचणीत आहे. तिची आई भारतीय आहे. परंतु डिसेंबर २००४ नंतरच्या नियमाप्रमाणे पालकांपैकी एक जण जरी ‘अवैध स्थलांतरित’ ठरला तरी मूल जन्माने नागरिक होत नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान आहेत, श्रीलंका नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने एक पाऊल टाकले. नव्या स्थलांतर आणि परकीय नागरिक कायद्याखालील आदेशाने, ९ जानेवारी २०१५ पर्यंत भारतात आश्रय घेतलेल्या आणि नोंद असलेल्या श्रीलंकन तमिळांना पारपत्र किंवा व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट मिळाली. हे पाऊल महत्त्वाचे आहे. आता त्याला जोडून दोन गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्या एकाच वेळी व्हायला हव्यात. मळ्यांतील तमिळांच्या वंशजांना आणि येथे जन्मलेल्या पिढीला नागरिकत्वाचा मार्ग, आणि ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांच्यासाठी दोन सरकारांमधला लेखी करार: बेकायदा देश सोडल्याबद्दल खटला नाही, जन्मनोंद छावणीतच, शिक्षणाच्या दाखल्यांना मान्यता, जमिनीची स्थिती निघण्यापूर्वी लेखी, सामानासह फेरीबोट. १९९७ मध्ये त्रिपुरातील चकमा निर्वासितांच्या परतीपूर्वी बांगलादेश सरकारने त्यांच्या नेत्यांशी जमीन, कर्ज आणि नोकऱ्यांबाबत अटी ठरवल्या होत्या. त्यांचे पालन अपुरे झाले ही गोष्ट वेगळी. निदान तक्रार करायला कागद तरी हाती होता. या दोन गोष्टींपैकी फक्त दुसरी केली, तर पुन्हा कोणत्या तरी झाडाखाली टेबल मांडले जाईल.

आणखी एक सोय करता येण्याजोगी आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही: आधी जाऊन पाहून येण्याची. निर्वासितांच्या प्रश्नात जगभर ही पद्धत वापरली जाते. कुटुंबातील एकाने जावे, घर, विहीर, शाळा पाहावी, परत यावे आणि मग सर्वांनी मिळून ठरवावे. आपल्याकडे देश सोडण्याचा परवाना मिळतो तो कायमचा जाण्यासाठी; गेलेल्याचे नाव नोंदवहीतून कमी होते. मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था कोसळली आणि धनुष्कोडीजवळच्या वाळूवर उपाशी कुटुंबे उतरू लागली. त्यांत काही पूर्वी येथल्या छावण्यांत राहून परत गेलेली होती. त्यांना मंडपममध्ये ठेवून घेतले गेले. निर्वासित म्हणून त्यांची नोंद मात्र झाली नाही.

सप्टेंबरमधला तो आदेश आला, तेव्हा शेजाऱ्याने तो इंटरनेटवरून छापून घेतला आणि वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. मी त्यांना तो तमिळमध्ये समजावून सांगितला. तारीख त्यांना लागू होती, नोंद होती. आता कोणी अटक करणार नाही, हे ऐकून मुलाने सुस्कारा सोडला. म्हातारा मात्र कागदावरून बोट फिरवत राहिला.

“सर, मी एकदा जाऊन आमची जागा पाहून आलो, तर मला परत घेतील असं यात कुठं लिहिलंय?”

मी आदेश पुन्हा पहिल्यापासून वाचला. तसे कलम त्यात मला आढळले नाही. या वेळी मी त्याला ते स्पष्ट सांगितले.